गुलमोहरची खोली आणि दिल्लीची समिती

मे २०२५ मध्ये धुळ्याच्या गुलमोहर विश्रामगृहातली एक खोली रातोरात महाराष्ट्रभर गाजली. विधिमंडळाची अंदाज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर होती आणि त्या खोलीत एक कोटी चौऱ्याऐंशी लाखांची रोकड सापडली. पैसे कोणाचे, कशासाठी आणले, हे ठरवणं तपास यंत्रणांचं आणि न्यायालयाचं काम. मी त्यात पडत नाही. पण चहाच्या टपऱ्यांवर त्याच आठवड्यात निकाल लागून गेला होता. ‘हाई समिती काय कामनी शे, भो? येवानं, खावानं, जावानं.’ आणि तिथून गाडी थेट दिल्लीला पोहोचली. जशी इथली, तशीच तिथली. संसदेच्या समित्या म्हणजे खासदारांच्या सहली, नाही तर विषय थंड करायची पेटी. दुसऱ्या बाजूला, सरकारवर चिडलेल्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध सुचतं: जेपीसी, म्हणजे दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती, बसवा. बंदरापासून शेअर बाजारापर्यंत काहीही निघालं की जेपीसी. एकाला समिती म्हणजे कचरा वाटतो, दुसऱ्याला रामबाण. समितीच्या खोलीत नेमकं काय होतं, ते मात्र दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खासदार कायदे करणारा माणूस म्हणून वावरतो तो समितीच्या खोलीत. सभागृहात तो बहुतेक वेळ पक्षाचा हात असतो, व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, निघाला की वर जाणारा. म्हणून विधेयक समितीकडे न जाता मंजूर होतं तेव्हा सर्वांत जास्त नुकसान खान्देशासारख्या मुलखाचं होतं. आपले खासदार मोजून चार: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. त्यातही धुळे मतदारसंघाचा निम्मा भाग मालेगाव-बागलाणचा. ५४३ जणांच्या लोकसभेत या चौघांच्या वाट्याला बोलायला किती मिनिटं येणार? चर्चेचा वेळ पक्षाच्या ताकदीवर वाटला जातो, गावाच्या गरजेवर नाही. समितीत मात्र तोच माणूस ३१ पैकी एक असतो आणि समोर खात्याचा सचिव बसलेला असतो.

ज्यांना रचना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. मुदत एक वर्षाची. अर्थसंकल्प मांडून झाला की संसद काही आठवडे थांबते आणि त्या काळात या समित्या आपापल्या खात्याच्या मागण्या तपासतात: गेल्या वर्षी मागितलेले पैसे का पडून राहिले, मग यंदा जास्त कशासाठी हवेत, वगैरे. सभागृहात यातल्या बहुतेक मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. त्याला गिलोटिन म्हणतात, आणि नाव अगदी शोभतं. म्हणजे लाखो कोटींच्या खर्चावर लोकप्रतिनिधींची नजर फिरते ती फक्त समितीत. आणखी एक गोष्ट. पक्षांतरबंदीचा १९८५ चा कायदा सभागृहातल्या मतदानाला लागतो. समितीत पक्षाच्या विरोधात मत दिलं म्हणून कुणाची खासदारकी जात नाही. पक्षश्रेष्ठींची भीती तरीही असते, पण गळ्याला फास नसतो. एवढ्या फरकानेही माणसं वेगळं वागतात.

याचा पुरावा सातपुड्यात आहे. १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत वनहक्कांचं विधेयक मांडलं गेलं, तेव्हा त्याच्या नावात आणि पोटात फक्त अनुसूचित जमाती होत्या. जमिनीवरचा ताबा २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचा असला पाहिजे, अशी अट होती. ही तारीख आकाशातून पडली नव्हती. वनसंवर्धन कायदा त्या दिवशी लागू झाला होता. दिल्लीत बसून पाहिलं तर ती तर्कशुद्ध वाटते. पण धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल इथल्या डोंगरात तिचा अर्थ काय होता? बापाने १९८५ मध्ये नांगरलेली जमीन मुलगा वीस वर्षं कसतो आहे, तरी तो ‘अतिक्रमणधारक’. दरवर्षी फॉरेस्टवाल्यांचा दंड, कधी उभ्या पिकात गुरं, आणि नवीन कायदा आल्यावरही तो बाहेरच. शिवाय एकाच पाड्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या पण जमातीच्या यादीत नसलेल्या कुटुंबाला तर कायद्यात नावच नव्हतं.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष होते किशोरचंद्र देव, आंध्रच्या आदिवासी पट्ट्यातले, आणि मुख्य म्हणजे सत्ताधारी काँग्रेसचेच. मे २००६ मध्ये या समितीने आपल्याच सरकारचं विधेयक उलटंपालटं करून परत दिलं. १९८० ची तारीख काढा, १३ डिसेंबर २००५ घाला. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आत घ्या. कुटुंबामागे अडीच हेक्टरची मर्यादा काढून टाका. ग्रामसभेच्या हातात जास्त अधिकार द्या. सरकारने सगळं ऐकलं नाही. मर्यादा गेली नाही, चार हेक्टर झाली. ग्रामसभेच्या डोक्यावर उपविभागीय आणि जिल्हा समिती बसलीच. इतर वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा मागितला गेला, जो आणणं बहुतेकांना जमत नाही. पण तारीख बदलली. डिसेंबर २००६ मध्ये कायदा झाला तो २००५ ची तारीख घेऊन.

२००८ मध्ये नियम आल्यावर मी काही महिने शहाद्याच्या वरच्या पाड्यांत दाव्यांचे अर्ज भरून द्यायला जात असे. लोक कनगीतून, पेटीतून, कुडाच्या भिंतीत खोचलेल्या पिशवीतून कागद काढत. बहुतेक वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. ज्या कागदाने त्यांना चोर ठरवलं होतं, तोच आता ताब्याचा पुरावा म्हणून जपलेला. त्यातल्या कितीतरी पावत्या १९८० नंतरच्या होत्या. मूळ विधेयक जसंच्या तसं मंजूर झालं असतं तर त्या चुलीत घालायच्याच लायकीच्या होत्या. पाड्यावरच्या एकालाही किशोरचंद्र देव हे नाव माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. पट्ट्यांसाठी मोर्चे निघाले, अजून निघतात; २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लोक रक्ताळलेल्या पायांनी चालत गेले, ते याच दाव्यांसाठी. लढणाऱ्यांचं श्रेय समितीला देण्याचा माझा विचार नाही. तारीख बदलण्यासाठीही देशभरातल्या संघटनांनी समितीपुढे जाऊन भांडण केलं होतंच. पण भांडायला एक जागा होती आणि तिथे ऐकणाऱ्यांच्या हातात पेन्सिल होती, हे विसरता येत नाही.

आता विरोधी बाजू, आणि ती हलकी नाही. पहिला आक्षेप: समितीत विषय मरतो. खरं आहे. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ मध्ये गीता मुखर्जींच्या समितीने तपासून वेळेत परत दिलं. ते घटनेत यायला २०२३ उजाडलं. हिंदू कोड बिल १९४८ मध्ये प्रवर समितीत, म्हणजे त्या एका विधेयकासाठी नेमलेल्या समितीत, जाऊन आलं, तेही खुद्द डॉ. आंबेडकरांच्या देखरेखीखाली, आणि तरी ते अडलं. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचं २०१९ चं विधेयक संयुक्त समितीत दोन वर्षं राहिलं, ८१ दुरुस्त्या घेऊन बाहेर आलं, आणि २०२२ मध्ये सरकारने ते मागेच घेतलं. पण यातल्या पहिल्या दोन उदाहरणांत गुन्हेगार कोण? मुखर्जी समितीने काही महिन्यांत काम संपवलं होतं. सत्तावीस वर्षं ज्यांनी घालवली ते समितीत नव्हते, सभागृहात आणि पक्ष कार्यालयांत होते. पंचांनी बांधाचा निवाडा करून दिला आणि भावकीने तो मोडला, तर पंच कशाला बसवले म्हणून ओरडायचं का?

दुसरा आक्षेप जास्त टोचतो: समितीतही शेवटी बहुमतच चालतं. बोफोर्सच्या १९८७ च्या समितीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि समितीने सरकारला अपेक्षित तेच लिहून दिलं. वक्फ विधेयकाच्या समितीत २०२४-२५ मध्ये काचेची बाटली फुटली, विरोधी सदस्यांचं एक दिवसाचं निलंबन झालं, सत्तापक्षाच्या दुरुस्त्या आत आल्या, विरोधकांच्या मताला टाकून फेटाळल्या गेल्या. आक्षेप मान्य. पण ही दोन्ही संयुक्त समित्यांची उदाहरणं आहेत, एका गाजलेल्या भांडणासाठी बसवलेल्या, कॅमेरे दाराबाहेर उभे असलेल्या. सगळ्यांना हवी असते ती नेमकी हीच जात, आणि राजकारणाचा वारा सर्वांत जास्त तिलाच लागतो. तरीही तीसुद्धा कधी कधी काम करते. थंड पेयांतल्या कीटकनाशकांसाठी २००३ मध्ये समिती बसली तेव्हा सरकार वाजपेयींचं होतं आणि अध्यक्ष विरोधी बाकांवरचे शरद पवार. पेयांत अंश आहेत, असं त्या समितीने स्पष्ट लिहिलं. सरकारी खर्चाचे हिशोब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे तो यासाठीच. आणि स्थायी समित्यांकडे तर कुणाचं लक्षच नसतं, म्हणून तिथे माणसं एकमेकांशी बोलतात. शेतीच्या स्थायी समितीने २०१२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या अन्नपिकांवर अहवाल दिला. सदस्य त्याआधी यवतमाळच्या गावांत जाऊन कापूसवाल्यांना भेटून आले होते. अहवाल एकमताचा होता, त्यात त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाचेही खासदार होते, आणि तो सरकारच्या धोरणाविरुद्ध होता. तो अहवाल न पटणारे कापूस उत्पादक आमच्या जळगावात ढिगाने सापडतील. त्यांना नवं बियाणं हवं आहे. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मुद्दा इतकाच की दौरा म्हणजे दरवेळी विश्रामगृहातला पाहुणचार नसतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. सरकारला लोकांनी निवडून दिलं आहे, त्याने कामं झटपट करायची नाहीत का? पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सोळाव्यात हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास आलं, सतराव्यात साधारण १६ टक्के. घाईचा युक्तिवाद खरा असता तर या वाचलेल्या वेळाचं फळ दिसायला हवं होतं. ते कसं दिसलं हे पाहायला शेती कायद्यांइतकं चांगलं उदाहरण नाही.

५ जून २०२० ला, शेतमाल बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक देणारे वगैरे, अध्यादेश निघाले. सप्टेंबरात विधेयकं आली. प्रवर समितीकडे पाठवा ही मागणी २० सप्टेंबरला राज्यसभेत आवाजी मतदानाने फेटाळली गेली, त्याच गोंधळात कायदेही आवाजीनेच मंजूर झाले. सरकारची बाजू अशी की या विषयावर वीस वर्षं चर्चा चालू होती, आणि शेतीच्या स्थायी समितीनेही जानेवारी २०१९ मध्ये बाजार समित्यांच्या कारभारावर बोट ठेवलं होतं. दोन्ही खरं. बाजार समितीतली तोलाई, हमाली, कटती, अडत यांवर प्रेम करणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. सरकारच्या बाजूने आणखी एक भक्कम उदाहरण होतं, आणि ते आपल्याच खान्देशातलं. धुळ्याच्या एका मका उत्पादकाने राज्याच्या सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याला माल विकला, आगाऊ २५ हजार मिळाले, बाकीचे जवळपास तीन लाख चार महिने अडकले. नव्या कायद्याखाली त्याने प्रांताधिकाऱ्याकडे तक्रार केली आणि पैसे हातात पडले. पंतप्रधानांनी २९ नोव्हेंबर २०२० च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं. खोटं काही नव्हतं त्यात.

मग अडलं कुठे? समजा ती विधेयकं समितीकडे गेली असती आणि रावेरचा एखादा केळीवाला साक्षीला बसला असता. त्याने काय सांगितलं असतं? की महाराष्ट्राने फळं-भाजीपाला २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून काढला आहे. केळी तर त्याआधीपासून शेतातूनच जाते. ट्रक बांधावर लागतो, घड तिथेच कापले जातात आणि भाव ठरतो तो बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात, बघून. तुम्ही जे देशभर करू पाहता ते आम्ही जगतो आहोत. त्यात फायदा आहे. पण माल उचलून व्यापारी पसार झाला की काय होतं तेही आम्हाला विचारा. तुमच्या कायद्यात व्यापाऱ्याला पॅन कार्ड पुरतं. पॅन कार्डावर माणूस सापडतो का? वाद प्रांताकडे, दिवाणी न्यायालयाचं दार बंद. प्रांताधिकारी आमचा एकट्याचा आहे का? त्याच्याकडे निवडणूक, पीक पंचनामे, आपत्ती, सगळंच. एका मकावाल्याला त्याने पैसे मिळवून दिले, चांगलंच झालं. शंभर जण एकदम गेले तर?

हे मी मागाहून सुचलेलं शहाणपण सांगत नाही. डिसेंबर २०२० मध्ये, आंदोलक शेतकऱ्यांनी दिल्लीच्या सीमा अडवल्यावर, सरकारने लेखी प्रस्ताव दिला. त्यात काय होतं? राज्यांना व्यापाऱ्यांची नोंदणी करू देऊ. दिवाणी न्यायालयात जाण्याचा पर्याय ठेवू. म्हणजे नेमक्या त्याच दुरुस्त्या, ज्या सप्टेंबरात एखाद्या समितीने पंधरा-वीस बैठकांत सुचवल्या असत्या. सप्टेंबरात त्या सुधारणा ठरल्या असत्या, डिसेंबरात त्या माघार ठरल्या. मग जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदे स्थगित करून समिती नेमली! संसदेने जे काम नाकारलं ते न्यायालयाला करावंसं वाटलं; त्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते, म्हणजे मराठी शेतकऱ्याला अखेर खुर्ची मिळाली, पण चुकीच्या इमारतीत आणि उशिरा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदेच रद्द झाले. वाचवलेले चार महिने सव्वा वर्षाला पडले. ज्यांना ते कायदे मनापासून हवे होते, त्यांनी तर सर्वांत मोठ्याने समिती मागायला हवी होती. धुळ्याचा तो मका उत्पादक रेडिओवर गाजला. समितीपुढे साक्षीला बसता तर सरकारचाच सर्वांत भारी साक्षीदार ठरला असता.

राहिला धुळ्याच्या खोलीचा प्रश्न. टपरीवरचा माणूस जे बोलला त्यात एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे: बंद दाराआड काय चालतं ते आम्हाला कळत नाही, म्हणून आम्ही वाईटच धरणार. संसदेच्या समित्यांच्या बैठका बंद असतात. त्यामागचं कारण पोकळ नाही. कॅमेरा आला की खासदार सचिवाकडे न बघता मतदारसंघाकडे बघून बोलायला लागतो, आणि मग समिती म्हणजे दुसरं सभागृह. माझा जो मुद्दा होता, की बंद खोलीत माणूस पक्षाबाहेर विचार करतो, तोही त्याने ढासळेल. मग मार्ग काय? मला वाटतं साक्ष आणि मसलत या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. सचिव काय म्हणाला, कंपनीचा माणूस काय म्हणाला, शेतकऱ्याने काय सांगितलं, हे उघड असावं. त्यावर सदस्यांनी आपसांत काय घासाघीस केली, ते बंद राहू द्यावं. इंग्रजांच्या संसदेने १८४८ मध्ये हिंदुस्थानातल्या कापसाच्या लागवडीवर एक समिती बसवली होती, अध्यक्ष जॉन ब्राइट. त्यांना कळवळा होता तो मँचेस्टरच्या गिरण्यांचा, आपल्या कुणब्याचा नव्हे. पण शेतसारा किती, रस्ते का नाहीत, माल बंदरापर्यंत का पोहोचत नाही, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना त्यांनी खोदून विचारलं आणि साक्षी छापल्या. पावणेदोनशे वर्षांनी आपण त्या वाचू शकतो. आपल्याच निवडून दिलेल्या संसदेपुढे गेल्या वर्षी एखादा सचिव काय बोलला, ते शब्दशः वाचायला मिळत नाही. कापसाची गोष्ट परक्यांनी उघड ठेवली आणि आपण आपली झाकून ठेवतो, हे कसं पचवायचं?

समितीने विधेयकावर सूचना मागवल्याची जाहिरात निघते, तिची मुदत बहुधा पंधरा दिवसांची असते. तोरणमाळच्या खालच्या पाड्यात ती पंधरा दिवसांत पोहोचेल, हे मानायला मी तयार नाही. समितीवर एकदा गेलेल्या सदस्याला विषय कळायला सहा महिने लागतात आणि वर्षाने समिती पुन्हा नव्याने बसते. हेही बदलायला हवं. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, आणि माझ्या मते नसाव्यातही, पण नाकारताना कारण सभागृहात उभं राहून सांगावं लागलं तर नाकारणारा दोनदा विचार करेल.

आणि आपण? निवडणूक आली की आमच्याकडे हिशोब मांडतात: खासदारांनी किती प्रश्न विचारले, किती वेळा बोलले, किती रस्ते आणले, रेल्वेचा थांबा मिळवला की नाही. कोणत्या स्थायी समितीवर होते आणि तिथे गेले का, हे मी एकाही सभेत विचारलेलं ऐकलं नाही. स्थायी समित्यांतली हजेरी देशभर सरासरी निम्म्याच्या आसपास असते, सभागृहातल्या हजेरीपेक्षा कितीतरी कमी. का असू नये? तिथे गेलं तर फोटो नाही, न गेलं तर कुणी विचारत नाही. खासदार लग्नाला येतात, दशक्रियेला येतात, सप्ताहाच्या काल्याला तर हमखास येतात. त्या गर्दीत हात धरून एवढंच विचारावं: ‘भाऊ, यंदा कोणत्या समितीवर आहात? शेवटच्या बैठकीला होतात का?’ विचारायच्या आधी उत्तर मात्र बघून जावं. समितीचा अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर असतो, शेवटी बैठकांचं इतिवृत्त जोडलेलं असतं, आणि कोण कोण हजर होतं त्यांची नावं तिथे छापलेली असतात.